विश्लेषण : मुलांच्या खोलीतली छोटी खुर्ची आली कुठून? मारिया मॉन्टेसरी यांच्या आयुष्याची गोष्ट

घरात लहान मूल आले की त्याच्या खोलीसाठी खरेदी सुरू होते आणि मोबाइलवर एक शब्द वारंवार दिसू लागतो. मॉन्टेसरी शेल्फ, मॉन्टेसरी बेड, मॉन्टेसरी टेबल-खुर्ची. किमती पाहून अनेक पालक तिथूनच मागे फिरतात. आजी-आजोबांच्या पिढीला हाच शब्द वेगळ्या अर्थाने माहीत आहे. त्यांच्यासाठी पहिलीच्या आधीची कुठलीही शाळा म्हणजे ‘माँटेसरी’.

ज्यांचे हे आडनाव आहे, त्या इटलीतल्या डॉक्टर होत्या. त्यांनी लहान मुलांसाठी पहिली खोली मांडली ती श्रीमंतांच्या बंगल्यात नव्हे, तर रोममधल्या मजुरांच्या चाळवजा इमारतीत. पुढे त्यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा भारतात गेला आणि त्यातला सर्वांत कठीण काळ अहमदनगरशी (आताचे अहिल्यानगर) जोडलेला आहे.

कोण होत्या मारिया मॉन्टेसरी?

जन्म ३१ ऑगस्ट १८७०, इटलीतल्या अँकोनाजवळच्या किआराव्हाले गावात. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली. मारिया पाच वर्षांच्या असताना कुटुंब रोमला आले. मुलींनी शिकलेच तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत. मारिया यांनी मात्र तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत नाव घातले. त्यांना इंजिनीअर व्हायचे होते.

नंतर विचार बदलला आणि त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. वडिलांचा विरोध, आईचा पाठिंबा. वर्गात सगळे पुरुष. मृतदेहाचे विच्छेदन पुरुषांसोबत करणे बाईला शोभत नाही, म्हणून त्यांना ते काम इतरांचे आटोपल्यावर एकटीने करावे लागे. वास सहन व्हावा म्हणून त्या तंबाखू ओढत. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना इटलीतली पहिली महिला डॉक्टर म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्यांच्याआधी काहीजणी झाल्या होत्या. पण अगदी सुरुवातीच्या मोजक्या महिला डॉक्टरांत त्या होत्या, हे खरे.

रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांचा संबंध मतिमंद ठरवलेल्या मुलांशी आला. ही मुले मोठ्या माणसांच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली असत. उघड्या-बोडक्या खोल्या, हातात घ्यायला एकही वस्तू नाही. जेवणानंतर मुले जमिनीवर पडलेल्या पावाच्या तुकड्यांशी चाळा करत बसत. सांभाळणाऱ्यांना तो हावरटपणा वाटे. मॉन्टेसरी यांनी वेगळे निदान केले : या मुलांच्या बोटांना काम हवे आहे आणि खोलीत ते नाही.

त्यांनी इतार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे जुने लिखाण मिळवून वाचले, लाकडी साहित्य करून घेतले आणि १९०० मध्ये सुरू झालेल्या विशेष शाळेत ते वापरले. तिथली काही मुले सर्वसामान्य मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. मॉन्टेसरी यांना प्रश्न पडला तो उलटाच : ही मुले जर एवढे करू शकतात, तर धडधाकट मुलांच्या शाळांत नेमके बिघडते कुठे?

बाकावर एवढा राग का?

उत्तर त्यांना फर्निचरमध्ये सापडले. त्या काळच्या युरोपीय शाळांत बाक हा विज्ञानाचा विषय झाला होता. बसण्याची उंची, लिहिण्याच्या फळीचा उतार, पाय ठेवायची जागा, सगळे मोजूनमापून. मुलाच्या पाठीचा कणा वाकडा होऊ नये हा हेतू. १९०४ पासून काही वर्षे मॉन्टेसरी रोम विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत होत्या. मुलांची उंची, छाती, डोके मोजणे हा त्यांचाच प्रांत. तरीही त्यांचा आक्षेप साधा होता. कणा वाकतो तो मुलाला तासन्‌तास एका जागी बसवल्यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी घट्ट बसवणारा बाक बनवला जातो. चुकीचा प्रश्न काटेकोरपणे सोडवण्याचा हा नमुना होता.

मजुरांच्या इमारतीत काय घडले?

रोमचा सान लोरेंझो भाग. १८८० च्या दशकात तिथे इमारती बांधण्याची लाट आली आणि ती कोसळली. अर्धवट इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. पुढे एका बांधकाम संस्थेने यातल्या काही इमारती घेऊन दुरुस्त केल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. एदुआर्दो तालामो या संस्थेचे प्रमुख होते.

आई-वडील कामावर गेले की शाळेच्या वयाखालची मुले दिवसभर जिन्यात. नव्याने रंगवलेल्या भिंती खराब होत. तालामो यांचा हिशेब व्यवहारी होता : भिंती पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यापेक्षा ही मुले एका खोलीत सांभाळलेली परवडतील. ही खोली चालवण्यासाठी त्यांनी मॉन्टेसरी यांना विचारले. विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉक्टरने पोरे सांभाळायचे काम घ्यावे, याचे अनेकांना नवल वाटले.

६ जानेवारी १९०७ रोजी ‘व्हिया देई मार्सी’ या रस्त्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत खोली उघडली. नाव ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे मुलांचे घर. साधारण पन्नासेक मुले, तीन ते सात वर्षांची. फी नाही, पण अटी होत्या. मूल स्वच्छ करून पाठवायचे आणि आईने शिक्षिकेशी नियमित बोलायचे. शिक्षिका त्याच इमारतीत राहणार.

सुरुवातीला पैसे इतके कमी होते की खोलीतले सामान एखाद्या कचेरीसारखे होते. जड टेबले, खुर्च्या आणि कुलूप लावलेले कपाट. त्या कपाटात मॉन्टेसरी यांचे साहित्य. मग हळूहळू खोली बदलत गेली.

टेबल इतके हलके केले की चार वर्षांची दोन मुले ते उचलून दुसरीकडे नेऊ शकतील. खुर्च्याही तशाच. हात धुण्याची जागा तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीची, बाजूला साबण, ब्रश आणि रुमाल ठेवायला फळी. कपाटे बुटकी आणि लांब, वर फुलझाडाची कुंडी ठेवता येईल अशी. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा खण. फळे भिंतीवर इतके खाली की सगळ्यात लहान मुलालाही त्यावर लिहिता यावे. चित्रे मुलांच्या आवडीची. खाली बसून काम करायचे असेल तर छोटी सतरंजी, जी मूल स्वतः पसरेल आणि गुंडाळून जागेवर ठेवेल.

जेवायला खऱ्या चिनी मातीच्या बशा आणि काचेचे पेले. फुटणार नाहीत अशी भांडी द्यायची नाहीत, यावर त्या ठाम होत्या. लोक विचारत, हलकी खुर्ची धक्का लागून पडली तर? मॉन्टेसरी यांच्या लेखी ती पडायलाच हवी होती. जड बाक मुलाचा धसमुसळेपणा लपवतो. हलकी खुर्ची आवाज करून तो मुलाच्याच लक्षात आणून देते, मग मोठ्यांना ओरडावे लागत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला फीडबॅक म्हणतात. इंजिनीअर व्हायचे राहून गेले तरी ती नजर गेली नव्हती.

उघडे राहिलेले कपाट

कपाटाला कुलूप होते तोवर वस्तू द्यायची आणि परत ठेवायची ती शिक्षिकेनेच. एके दिवशी तिला यायला उशीर झाला आणि कपाट उघडेच राहिले होते. ती आली तेव्हा मुलांनी आपापल्या वस्तू काढून काम सुरू केले होते. शिक्षिकेला ही चोरी वाटली, शिक्षा करावी असे तिचे मत पडले. मॉन्टेसरी यांनी पाहिले ते इतकेच की मुलांना कुठली वस्तू हवी हे ठाऊक आहे आणि ती कुठे असते हेही. त्यानंतर कुलूप गेले आणि बुटक्या, उघड्या फळ्या आल्या. आज हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या ‘मॉन्टेसरी शेल्फ’चा उगम हा असा आहे.

त्या फळ्यांवर काय असायचे? लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणाऱ्या दहा दट्ट्या. प्रत्येक दट्टी एकाच भोकात बसते, एक चुकली की शेवटी एक उरते. चूक झाली हे मोठ्यांनी सांगायची गरज नाही. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा. बाजू दहापट वाढते तेव्हा घनफळ हजारपट वाढते, हे तीन वर्षांचे मूल शब्दांत सांगणार नाही, पण उचलताना त्याच्या हाताला ते कळते. लाल दांडे १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे बोटाने गिरवायला. पहिल्या वर्षातच चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली आणि बातमी रोमच्या बाहेर गेली.

एक तीन वर्षांची मुलगी दट्ट्यांचा ठोकळा चाळीसहून अधिक वेळा रिकामा करून भरत राहिली. मॉन्टेसरी यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, बाकीच्यांना गाणे म्हणायला लावले. ती थांबली नाही. लहान मुलांचे लक्ष फार वेळ टिकत नाही, हे तेव्हाही सगळे सांगत.

भेटीला येणाऱ्या श्रीमंत बायका महागड्या बाहुल्या आणत. मुले त्यांना फारसा हात लावत नसत, असे मॉन्टेसरी यांचे निरीक्षण. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष, की मुलाला खेळण्यापेक्षा खरे काम आवडते, सगळ्यांना पटला नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये या पद्धतीवर टीकेचे पुस्तकच लिहिले. कल्पनेच्या खेळाला इथे वाव कमी आहे, हा त्यांचा एक मुद्दा होता. तो आजही खोडून निघालेला नाही. भातुकली मांडून बसलेली कुठलीही मुलगी त्याच्या बाजूने साक्ष देईल.

इतरांची मुले जवळ, स्वतःचे दूर

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट रोममध्ये कुणाला माहीत नव्हती. ३१ मार्च १८९८ रोजी मॉन्टेसरी यांना मुलगा झाला होता. वडील त्यांचे सहकारी डॉक्टर जुझेप्पे मोंतेसानो. लग्न झाले नव्हते. उघड झाले असते तर मॉन्टेसरी यांची डॉक्टरकी आणि नाव दोन्ही संपले असते. मोंतेसानो यांच्या तशा कुठल्याच गोष्टीला धक्का लागला नसता. बाळाला, मारिओला, गावाकडच्या एका कुटुंबात वाढायला ठेवले. पुढे मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केले. १९०१ मध्ये मॉन्टेसरी यांनी त्यांच्यासोबत चालवलेली ती विशेष शाळा सोडली.

म्हणजे सान लोरेंझोची खोली उघडली तेव्हा त्यांचा मुलगा जवळपास नऊ वर्षांचा होता आणि त्यांच्या घरात नव्हता. त्या अधूनमधून त्याला भेटायला जात, पण आपण कोण हे न सांगता. डिसेंबर १९१२ मध्ये मॉन्टेसरी यांची आई वारली. त्यानंतर काही महिन्यांतच किशोरवयीन मारिओ त्यांच्याकडे राहायला आला आणि शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिला. लोकांना ओळख करून दिली जाई ती भाचा किंवा दत्तक मुलगा म्हणून.

यावरून त्यांना दांभिक ठरवणारे आजही भेटतात. तो निवाडा फार स्वस्त आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अविवाहित आईपुढे दुसरे कोणते दार उघडे होते, याचे उत्तर त्यात नसते.

प्रसिद्धी, आणि मुसोलिनी

१९०८ मध्ये मिलानच्या एका समाजसेवी संस्थेने कामगारवस्तीत असेच घर उघडले. १९०९ मध्ये मॉन्टेसरी यांचे पुस्तक आले, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर. १९१३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला गेला. आत मुले काम करत आणि बाहेर बसून लोक पाहत.

पण अमेरिकेतली लाट लवकर ओसरली. साहित्याचे हक्क आणि शिक्षक तयार करण्याचे अधिकार मॉन्टेसरी यांनी स्वतःकडे ठेवले होते. त्यांनी शिकवल्याशिवाय कुणी शिक्षक घडवायचे नाहीत, हा आग्रह तिथल्या समर्थकांनाही जड गेला.

इटलीत १९२४ पासून मुसोलिनीने त्यांच्या शाळांना सरकारी पाठबळ दिले आणि त्यांनी ते घेतले. मुलाच्या स्वातंत्र्यावर उभी असलेली पद्धत आणि गणवेशातली फॅसिस्ट पोरे एका छताखाली नांदणार नव्हती, हे त्यांना कळायला दहा वर्षे लागली. त्यांच्या चरित्रातले हे पान झाकण्यासारखे नाही. १९३४ मध्ये संबंध तुटले, शाळा बंद झाल्या आणि त्यांनी इटली सोडली. जर्मनीत नाझींनी त्यांच्या शाळा आधीच बंद पाडल्या होत्या. त्या बार्सिलोनात होत्या, तर १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध पेटले. ब्रिटिश जहाजातून त्या निसटल्या आणि नेदरलँड्समध्ये स्थिरावल्या.

अहमदनगरचा संबंध काय?

१९३९ च्या अखेरीस, ६९ व्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसोबत मद्रासला आल्या. अड्यारला प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. तीनशेहून अधिक विद्यार्थी, झावळ्यांच्या मांडवाखाली. मॉन्टेसरी इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ इंग्रजीत सांगत.

जून १९४० मध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. भारतातले इटालियन एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरले. मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. मॉन्टेसरी यांना अटक झाली नाही, पण अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची मुभा उरली नाही. पंचवीसहून अधिक वर्षे सोबत असलेला मुलगा हजार किलोमीटर लांब तारांच्या कुंपणात आणि त्याला जगासमोर मुलगा म्हणायचीही सोय नाही.

३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा सत्तरावा वाढदिवस. व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून मारिओंची सुटका करत असल्याचे तीत कळवले होते आणि मारिओंचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केला होता. चाळीस वर्षे जे कुणी उघड बोलले नव्हते, ते सरकारी तारेत आले.

पुढची काही वर्षे युद्धामुळे भारतातच गेली. कोडाईकनालला त्यांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांची शाळा चालवली. तीन वर्षांआधीच्या बाळांचा त्यांचा अभ्यास इथलाच. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या तेव्हा हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले होते. १९४७ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि १९४८ मध्ये पुण्यातही प्रशिक्षण वर्ग झाला.

ताराबाईंनी काय बदलले?

मॉन्टेसरी भारतात येण्याच्या बऱ्याच आधी त्यांचे विचार इथे पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहारचे काम सुरू झाले.

शहरात हे जमत होते. अडचण खेड्याची होती. मापात कापलेले, पॉलिश केलेले साहित्य कुणाला परवडणार? १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. तिथे ठोकळ्यांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे, पाने आणि माती आली. टेबल-खुर्चीची गरजच नव्हती. ज्या घरात मोठी माणसेही पाटावर जेवतात आणि जमिनीवर बसून निवडतात-टिपतात, तिथे मुलाच्या उंचीचे वेगळे फर्निचर करायला लागत नाही. युरोपला जे मुद्दाम घडवावे लागले, ते इथे घराघरांत होते.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी हा शब्द रुळला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम वाढले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ मध्ये गेल्या आणि दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळाले ते अंगणवाडी हेच.

नावाचे पुढे काय झाले?

मॉन्टेसरी यांचे नाव १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे शांततेच्या नोबेलसाठी सुचवले गेले. पुरस्कार मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. वय ८१. मारिओ तेव्हाही सोबत होते. दफनही तिथेच झाले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओंचा उल्लेख मुलगा असा केला होता. युरो येण्याआधी इटलीच्या हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.

१९२९ मध्ये त्यांनी मारिओंसोबत स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संस्था आजही शिक्षकांना प्रशिक्षण देते. पण हे नाव तिच्या एकटीच्या मालकीचे नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने मॉन्टेसरी हा शब्द सर्वसाधारण असल्याचा निर्णय दिला. भारतातही शाळेच्या पाटीवर किंवा शेल्फच्या खोक्यावर हे नाव सर्रास दिसते. नुसत्या नावावरून प्रशिक्षित शिक्षिका असल्याचे कळत नाही, की साहित्य ठरलेल्या मापाचे असल्याचेही. घरात एखादे बुटके, उघडे कपाट असेल आणि त्यावर मोजक्या वस्तू मुलाच्या हाताला येतील अशा ठेवल्या असतील, तर सान लोरेंझोच्या खोलीत कुलूप गेल्यावर जे होते त्यात आणि यात फारसा फरक नाही.